पोकळ झाड

मराठी भाषेने कुजण्याला कधीच मान दिलेला नाही. एखाद्याचे बोलणे मनाला लागले की आपण त्याला कुजकट म्हणतो; एखाद्याचे विचार पटले नाहीत की ते सडके ठरतात; आणि वैभवाच्या बुडाशी फारसे काही नाही असे दिसले की 'मोठे घर, पोकळ वासा' ही म्हण जिभेवर तयारच असते. वासा पोकळ झाला म्हणजे घर गेले, याविषयी त्या म्हणीला यत्किंचितही शंका नाही. घराच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु उभ्या, जिवंत झाडालाही आपण हाच न्याय लावतो, आणि तेथे मात्र म्हणीची साक्ष ग्राह्य धरण्यापूर्वी तिची थोडी उलटतपासणी करावी असे मला अलीकडे वाटू लागले आहे. याला कारण आमच्या वाड्यातील दोन झाडे.

नांदगाव पेठ हे आमचे गाव अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. नोकरी अमरावतीस असली तरी मी राहणे गावातच ठेवले आहे; आई वाडा सोडावयास तयार नाही, आणि खरे म्हणजे मीही नाही. वाड्याच्या मागील अंगणात एक चिंच आहे. तिचे वय कोणालाच सांगता येत नाही. आजोबांच्या लहानपणीदेखील ती म्हातारीच होती म्हणतात. तिच्या बुंध्यात एवढी मोठी ढोली आहे की दहा वर्षांचा मुलगा आत उभा राहू शकेल. पुढे फाटकाशी गुलमोहोर होता. मी मराठी शाळेत तिसरीत असताना तो वडिलांनी लावला. वऱ्हाडातील वैशाख म्हणजे काय हे वऱ्हाडकरास सांगावयास नको; जमीन भेगाळलेली, विहिरी तळाला गेलेल्या, आणि अशा दिवसांत हा गृहस्थ अंगभर तांबडा शालू पांघरून उभा! सकाळी गावातील मुले शाळेच्या बसची वाट पाहत त्याच्याच सावलीत जमत.

या दोन झाडांविषयी येणाऱ्याजाणाऱ्यांचे मत ठरलेले असे. शेजारचे काकाजी, ज्यांची संत्र्याची बाग आहे आणि म्हणून झाडांविषयी ज्यांचा शब्द गावात अखेरचा मानला जातो, ते दर पावसाळ्यापूर्वी मला बजावीत, ''मास्तर, हे चिंच पोकय झाली बाप्पा! एखांद्या रोजी वाड्यावर येईन. काढून टाका.'' माझे एक आप्त इंजिनीअर आहेत. त्यांनी ढोलीत सिमेंट भरून देण्याची तयारी दाखविली होती. दाताच्या डॉक्टराने दात भरावा तितक्या सहजपणे. गुलमोहोराविषयी मात्र कधी कोणी तक्रार केली नाही. ज्याचा बुंधा गुळगुळीत आणि डोक्यावर फुलांचा भार, त्याच्या चारित्र्याची चौकशी कोण करतो?

ती चौकशी एका श्रावणात अचानक सुरू झाली. गुलमोहोराच्या बुडाशी, मातीतून डोके काढून, तीन-चार चमत्कारिक वस्तू उगवल्या. अळंबी म्हणावी तर त्या लाकडासारख्या कठीण होत्या. रंग तांबूस तपकिरी, वर लाखेचे रोगण दिल्यासारखी चकाकी, आणि कडेला लोण्यासारखी पांढरी किनार. आसपासच्या गवतावर कोको सांडावा तशी तपकिरी पूड पसरलेली. पत्नीचे माहेर कोकणातले. तिने त्या पाहताच म्हटले, ''हा आमचा फणसोंबा तर नव्हे?'' कोकणात फणसाच्या जुन्या खोडावर अशीच एक लाकडी बुरशी येते. ती वाळवून घरात ठेवतात, आणि लहान मुलाचे तोंड आले किंवा लाळ फार गळू लागली की सहाणेवर उगाळून तिचे वळसे देतात. म्हणजे जी वस्तू झाडाचा रोग तीच बाळाचे औषध. आमची ती वस्तू फणसोंबा नव्हती. पण पत्नीच्या या एका प्रश्नामुळे मी आमच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकमित्रांना घरी बोलावून आणले.

ते आले ते एक लाकडी मोगरी आणि एक लोखंडी सळई घेऊन. प्रथम चिंचेकडे गेले. मोगरीने तिच्या बुंध्यावर सभोवार ठोकून पाहिले, ढोलीत हात घालून भिंतीची जाडी अजमावली, वर पालवीकडे पाहिले आणि म्हणाले, ''आजीबाई ठीक आहेत.'' मग गुलमोहोराकडे वळले. बुंध्यावर मोगरीचा आवाज चांगला भरीव आला. परंतु बुडाशी माती उकरून त्यांनी मुळावर सळई टेकविली तेव्हा ती भिजलेल्या पावात जावी तशी आत गेली. दुसऱ्या बाजूसही तेच. ते उठले, हात झटकले आणि इतकेच म्हणाले, ''प्रोफेसर, तुमचे झाड वर जेवढे दिसते तेवढे खाली राहिलेले नाही.''

त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी मला जे समजावून सांगितले, आणि पुढे मी स्वतः जे वाचले, त्याने झाडाविषयीची माझी कल्पनाच बदलली. आपण खोडाच्या गाभ्याला झाडाचे काळीज समजतो. वस्तुतः तो भाग केव्हाच मेलेला असतो. झाड जगते ते सालीखालच्या पातळ पदरावर आणि त्याला लागून असलेल्या बाहेरच्या कोवळ्या लाकडावर. तेथूनच पाणी वर चढते, तेथेच दरवर्षी नवे कडे पडते. जुनी कडी हळूहळू निवृत्त होतात, आणि झाड त्यांत राळ, टॅनिन असली द्रव्ये साठवून त्यांचा गाभा बनविते. हा गाभा एखाद्या बुरशीने खाऊन टाकला तर झाडाचे आयुष्य थांबत नाही. खोडाची नळी होते, एवढेच. आणि नळी काही दुबळी वस्तू नव्हे. बांबू पोकळ आहे म्हणून कोणी त्याचा मांडव घालावयाचे सोडीत नाही. पोकळ खोडाच्या भिंतीची जाडी त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाइतकी असली तर झाड सहसा मोडत नाही, असा वृक्षतज्ज्ञांचा ढोबळ हिशेब आहे.

याच्या उलट मुळांचे. तेथे बुरशी शिरली की ती पायाच खाते. आमच्या फाटकाशी उगवली होती ती गॅनोडर्मा नावाची बुरशी. शिसू, खैर, बाभूळ, गुलमोहोर अशा कितीतरी झाडांच्या मुळांत ती घर करते. बाहेर दिसणारे छत्र हे तिचे केवळ फळ. खरी बुरशी सुतासारख्या तंतूंनी लाकडात पसरलेली असते आणि छत्र दिसण्यापूर्वी कित्येक वर्षे तिचे काम चाललेले असते. या जातीचे एक मोठे छत्र दिवसाला सुमारे ३ हजार कोटी बीजाणू हवेत सोडू शकते. त्यांतील एखाद्याला ताजी जखम सापडली की पुरे. आमच्या गुलमोहोराच्या एका बाजूने काही वर्षांपूर्वी नळासाठी चर खणला गेला होता आणि त्यात हाताएवढी मुळे तोडून टाकलेली होती. दुसऱ्या बाजूला रस्त्याच्या काँक्रीटने त्याचा श्वास कोंडला होता. बुरशी चोर खरी, पण दार कोणीतरी उघडे टाकलेले होते.

अमेरिकेत अलेक्स शायगो नावाचे एक वनशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि १९७० नंतरच्या दशकात एक साधी गोष्ट जगासमोर मांडली : झाडाची जखम भरत नाही. आपली कातडी भरते, कारण आपण जुन्या जागी नवे मांस आणतो. झाडाला ते साधत नाही. ते जखमेभोवती भिंती उभारते, बिघडलेला भाग कोंडून टाकते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढविते. जे गेले ते गेले म्हणावयाचे आणि पुढचे कडे धरावयाचे, अशी ही रीत आहे. म्हणूनच ढोलीत सिमेंट भरण्याचा उपाय आता जाणत्यांनी सोडून दिला आहे. वाऱ्याने झाड हलते, सिमेंट हलत नाही, आणि झाडाने मोठ्या कष्टाने बांधलेल्या आतल्या भिंतीच त्या घर्षणाने फुटतात. आमच्या इंजिनीअर आप्तांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विषय बदलला.

गावातील एका तरुण, उत्साही विद्यार्थ्याला ही हकीकत कळली तेव्हा त्याला मोठा आनंद झाला. ''सर, मी म्हणतच होतो, विदेशी झाडं आपल्या मातीत टिकत नाहीत. गुलमोहोर काढा, देशी झाड लावा.'' गुलमोहोर मादागास्करचा, हे त्याचे म्हणणे खरे. परंतु ज्या चिंचेला तो देशी समजून नमस्कार करीत होता तीही मूळची आफ्रिकेचीच. अरबांनी तिला 'हिंदी खजूर' म्हटले, त्यावरून युरोपियनांनी तिचे नाव घेतले, आणि शास्त्रज्ञांनी तर तिच्या नावापुढे 'इंडिका' लावून तिला नागरिकत्वच देऊन टाकले. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याने जी झाडे परवानगीवाचून तोडण्यास मनाई केली त्यांच्या यादीत साग, मोह, अंजन यांच्या पंक्तीला ही परदेशी आजीबाई मानाने बसलेली आहे. आणि बाभूळ तर आपल्याच मातीची. तिला गॅनोडर्माने सोडले आहे काय? बुरशी दाखला पाहत नाही, जखम पाहते.

तथापि त्या मुलाच्या बोलण्यात सत्याचा एक अंश आहे आणि तो मी नाकारणार नाही. झाड आणि बुरशी यांची ओळख जुनी असली तर त्यांच्यात भांडणाचीही काही रीत ठरलेली असते. ओळख अगदी नवी असली तर अनर्थ होतो. १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात चेस्टनटची झाडे वाळू लागली. सालीवर वाढणारी ती बुरशी आशियातून आलेली होती. आशियातील चेस्टनट तिला युगानुयुगे सोसत आले होते; अमेरिकेतील चेस्टनटला तिची वार्ताही नव्हती. पुढच्या अर्धशतकात ३०० ते ४०० कोटी झाडे मेली, असा अंदाज आहे. तेथे झाड देशी होते आणि बुरशी पाहुणी. म्हणजे परकेपणाचा दोष एकट्या झाडावर टाकता येत नाही. दोष असलाच तर तो अनोळखी भेटी घाईने घडवून आणणाऱ्या माणसाचा.

मी इंग्रजी वाङ्मयाचा शिक्षक असल्यामुळे याच संदर्भातील एक गोष्ट मला विशेष गमतीची वाटते. इंग्रजांना आपल्या ओक वृक्षाचा केवढा अभिमान! त्यांच्या नौदलाचे गाणेच 'हार्ट ऑफ ओक'. परंतु नेपोलियनच्या काळी घाईने बांधलेल्या त्यांच्या ओकच्या जहाजांना बुरशीने असे ग्रासले की १८१० साली पाण्यात उतरविलेले 'क्वीन शार्लट' हे भव्य जहाज कामगिरीवर जाण्यापूर्वीच सडू लागले, आणि जेम्स सॉवर्बी या वनस्पतिशास्त्रज्ञास आणून त्याच्या फळ्यांवरील बुरशी ओळखावयास सांगावे लागले. त्याच सुमारास मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया मलबारी सागाची जहाजे बांधीत होते. त्यांनी १८१७ साली पाण्यात सोडलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. सागाच्या गाभ्यातील द्रव्ये बुरशीला आणि वाळवीला सारखीच कडू लागतात. मेळघाटच्या ज्या सागाची दारे आमच्या वाड्याला आहेत, तीही अजून शाबूत आहेत. मात्र त्या सागाचाही बाहेरचा पांढरा भाग बुरशी आनंदाने खाते. टिकतो तो गाभाच. आणि इंग्रजांच्या घरांतील तुळया पोखरून काढणारी जी कुप्रसिद्ध 'कोरडी कुज', तिचे रानटी भाऊबंद आपल्या हिमालयाच्या जंगलांत सापडले आहेत. दोन्ही देशांतील देवघेवीच्या हिशेबात ही एक बाब इतिहासकारांनी अद्याप मांडलेली दिसत नाही.

वाचकांना वाटेल की हा गृहस्थ बुरशीचा वकील झाला. काही अंशी ते खरे आहे. लाकडाला जो ताठपणा असतो तो लिग्निन नावाच्या द्रव्यामुळे, आणि हे द्रव्य पुरतेपणी मोडून काढण्याचे काम सृष्टीत मुख्यतः एका विशिष्ट वर्गाच्या बुरशींनाच साधलेले आहे. त्या नसत्या तर प्रत्येक पडलेले झाड आपल्या जागी पडूनच राहिले असते. याची साक्ष पाहावयास मला फार दूर जावे लागत नाही. नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत १३५० मेगावॉटचे वीजकेंद्र आहे. त्याची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात. तेथे जळतो तो कोळसा. आपल्याकडील बहुतेक कोळसा ज्या थरांत सापडतो त्यांना आमच्या शेजारच्या गोंडांच्या मुलखावरून 'गोंडवन' हे नाव पडले. २५ कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी दलदलीत बुडालेली ती झाडे. पाण्याखाली हवा नाही, आणि हवेवाचून बुरशीला काम करता येत नाही. म्हणून ते लाकूड कुजले नाही, साठले. म्हणजे त्या धुराड्यांतून जो धूर निघतो तो बुरशीच्या हातून निसटलेल्या अरण्याचा आहे. जे तिने सावकाश, मातीच्या कामी येईल असे खाल्ले असते ते आपण एका शतकात जाळून संपवीत आहोत.

शिवाय बुरशीच्या या पाकगृहावर किती जणांची पंगत बसते! पावसाच्या आरंभी आमच्या विदर्भातील बाजारांत सात्या विकावयास येतात. वारुळावर उगवणारी ही अळंबी म्हणजे वाळवीच्या शेतीचे पीक होय. वाळवी लाकूड चावून आत नेते, त्यावर बुरशी वाढविते आणि बुरशीने मऊ केलेले ते अन्न खाते. मेळघाटात राहणारा रानपिंगळा हा पक्षी १८८४ नंतर जगाच्या दृष्टीने नाहीसाच झालेला होता. १९९७ साली तो खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि मग मेळघाटातही सापडला. तो घरटे करतो झाडाच्या ढोलीत. ढोली त्याला स्वतः खणता येत नाही. बुरशी लाकूड मऊ करते, सुतारपक्षी भोक पाडतो, आणि मग या भाडेकऱ्याची सोय होते. जंगलातील प्रत्येक पोकळ झाड 'निकामी' म्हणून काढून टाकले तर जो पक्षी शंभरांहून अधिक वर्षांनी परत भेटला तो पुन्हा कोठे राहणार?

हे सारे ज्ञान कितीही मनोरंजक असले तरी फाटकाशी उभा असलेला गुलमोहोर त्याने सावरला जाणार नव्हता. प्रश्न सरळ होता. रोज सकाळी वीस-पंचवीस मुले त्याच्याखाली उभी राहत. आणि ज्या झाडाला मूळ उरलेले नाही ते वादळाची वाट पाहत नाही, एखाद्या भिजल्या, शांत सकाळीही आडवे होते. परंतु तो वडिलांनी लावलेला. आईला सांगणे माझ्यावर होते. ती ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''ह्यांनी विहिरीचं पाणी कळशीनं आणून घातलं रे त्याला. त्या वर्षी गावात प्यायला पाणी नव्हतं, तर आपल्या आंघोळीचं वाचवून घालायचे. आणि ती पोकळ चिंच ठेवतोस, अन् हे भरलं झाड तोडतोस?''

मी तिला सळई दाखविली, मुळाशी नेऊन तिच्याच हातात दिली. तिने ती टेकविली; फार जोर तिला लावावा लागला नाही. हात काढून घेऊन ती फाटकाबाहेर पाहत राहिली. मुले नुकतीच बसमध्ये चढत होती. ''उद्याच बोलाव सुताराला,'' ती म्हणाली. ''त्यांच्या झाडाखाली कुणाचं लेकरू दुखावलं तर ते त्यांना चालणार नाही.'' इतके निःसंदिग्ध युक्तिवाद मी विद्यापीठातही फारसे ऐकलेले नाहीत.

झाड वरून फांद्या उतरवीत, दोर बांधून दोन दिवसांत काढले. बुडाशी आले तेव्हा सुतारबाबांनी मला हाक मारली. मुळांचे लाकूड पांढरे, ओले, स्पंजासारखे झालेले होते. बोटांनी त्याचे धागे सुटत होते. एका बाजूची तीन जाड मुळे तेवढी जिवंत होती, आणि सारा गुलमोहोर, त्याच्या फुलांसकट, त्या तिघांच्या बळावर उभा होता. काकाजी भिंतीवरून पाहत होते. ''काय सांगाव मास्तर,'' ते म्हणाले, ''मी तर जल्मभर दुसऱ्याच झाडाले नावं ठेवली.'' त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या बागेतील संत्र्यांची सल काढावयास घेतली, आणि प्रत्येक झाडाचे बूड वाकून पाहिले असे त्यांचा मुलगा सांगत होता.

मुळे जितकी निघाली तितकी काढून जाळली. कारण जुन्या मुळांत ही बुरशी वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि शेजारी लावलेल्या नव्या झाडाची मुळे तिला शोधावी लागत नाहीत. त्या जागी तूर्त काही लावावयाचे नाही असे ठरले आहे. मुलांसाठी पत्र्याचा आडोसा घातला आहे. त्याला फुले येत नाहीत, पण तो पडणारही नाही. चिंचेवरील भार हलका व्हावा म्हणून माझ्या मित्रांच्या सल्ल्याने वाड्याकडे झुकलेल्या दोन फांद्या उतरविल्या. ढोली तशीच आहे. तीत पिंगळ्याची एक जोडी राहते.

माझ्या सेवानिवृत्तीस आता थोडी वर्षे उरली आहेत. या वयात माणसाला आपल्या गाभ्याचा फार अभिमान असतो : केलेला अभ्यास, भोगलेले अनुभव, जपलेल्या आठवणी. झाडाचे उदाहरण पाहिले तर तो सारा निवृत्त झालेला भाग आहे. तो मजबूत असेल तर आधार देईल. नसला तरी झाड जगू शकेल. नाही चालत ते दोन गोष्टींवाचून : ज्या मातीतून आपण ओढून घेतो तेथले मूळ, आणि सालीखालचे चालू वर्षाचे कोवळे कडे. आमच्या आईचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. पुष्कळशा जुन्या गोष्टी तिच्या आठवणीतून निघून गेल्या आहेत, मधूनमधून नावेही सुटतात. परंतु बसची वेळ झाली की ती अजून फाटकाशी जाऊन उभी राहते आणि आडोशाखालची मुले मोजते. एखादे कमी भरले तर आत येऊन मला विचारते, ''पाटलांचा धाकटा आज का नाही आला?'' आणि ते विचारून येईपर्यंत मला चहा मिळत नाही.